सर्व, निदान एक आणि जर-तर: गणिती विधानांविषयी थोडे

बारावीच्या गणिताच्या पुस्तकातले पहिलेच प्रकरण तर्कशास्त्राचे असते आणि विद्यार्थ्यांमध्ये त्याची ख्याती 'हमखास मार्कांचे प्रकरण' अशी आहे. सत्यता सारण्या, म्हणजे घटक विधाने खरी-खोटी असतील तसे जोडविधान खरे की खोटे हे सांगणारे तक्ते, भरायच्या, वाक्यांची चिन्हे करायची, चिन्हांची पुन्हा वाक्ये करायची आणि पुढच्या प्रकरणाकडे वळायचे, असा सर्वसाधारण क्रम असतो. सदाशिव पेठेत माझ्याकडे संध्याकाळी गणितासाठी जी मुले येतात, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या सारण्या बिनचूक असतात. मात्र तीच मुले काही आठवड्यांनी एखादा गुणधर्म सिद्ध करायला सांगितला की तीन उदाहरणे तपासून 'म्हणून सिद्ध झाले' असे खुशाल लिहितात, किंवा जे सिद्ध करायचे आहे तेच पहिल्या ओळीत गृहीत धरतात. सारणी येते आणि सिद्धता येत नाही, याचे कारण माझ्या मते असे की या प्रकरणातला मुख्य प्रश्न त्यांना कोणी विचारलेलाच नसतो. समोरचे विधान कोणत्या प्रकारचे आहे, आणि त्या प्रकारचे विधान खरे किंवा खोटे ठरवायला नेमके कोणते काम करावे लागते, हा तो प्रश्न.

विधान म्हणजे असे वाक्य, की जे सत्य आणि असत्य यांपैकी नेमके एक असते. 'पर्वती पुण्यात आहे' हे विधान झाले. 'मंडईत आज मटार काय भाव?' हा प्रश्न आहे आणि 'रांगेत उभे राहावे' ही सूचना आहे, म्हणून ती विधाने नव्हेत. इथपर्यंत कोणाचे अडत नाही. अडते ते पुढच्या दोन ठिकाणी. 'क्ष अधिक ३ बरोबर ७' हे दिसायला विधानासारखे असले, तरी क्ष म्हणजे कोण हे सांगितल्याशिवाय ते सत्यही नाही आणि असत्यही नाही. क्षच्या जागी ४ घातले की ते सत्य विधान होते, ५ घातले की असत्य विधान होते, आणि 'अशी एक पूर्णांक संख्या क्ष आहे की' किंवा 'प्रत्येक पूर्णांक क्षसाठी' असे शब्द आधी जोडले तरीही ते विधान होते; पहिल्या बाबतीत सत्य, दुसऱ्या बाबतीत असत्य. दुसरी अडचण याच्या उलट जातीची आहे. '२ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांच्या बेरजेच्या रूपात लिहिता येते' ही गोल्डबाखची अटकळ १७४२ सालच्या एका पत्रव्यवहारातून पुढे आली आणि ती सत्य आहे की असत्य, हे आजतागायत कोणालाही ठरवता आलेले नाही. तरीही ते पक्के विधान आहे. आपल्याला उत्तर ठाऊक नसणे ही आपली स्थिती झाली. त्याने विधानाच्या विधानपणाला बाधा येत नाही.

आता प्रकारांकडे येतो. 'प्रत्येक', 'सर्व', 'कोणताही' अशा शब्दांनी सुरू होणाऱ्या विधानांना सर्ववाची म्हणावे, आणि 'निदान एक', 'असा एक तरी' अशा शब्दांनी सुरू होणाऱ्यांना अस्तित्ववाची म्हणावे. गणितातील बहुसंख्य प्रमेये पहिल्या प्रकारची असतात, जरी ती नेहमी तशी लिहिलेली नसतात. 'त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश असते' या वाक्यात 'प्रत्येक' हा शब्द कोठेच नाही, पण तो अध्याहृत आहे, आणि तो वाचता येणे हे अर्धे कौशल्य आहे. फळ्यावर काढलेल्या एका त्रिकोणाचे कोन कोनमापकाने मोजून हे विधान सिद्ध होत नाही, याचे कारण मोजण्यातली चूक हे नाही. मोजमाप अगदी अचूक असते, तरी ते एकाच त्रिकोणाचे असते.

उदाहरणांच्या ढिगावर विश्वास ठेवणे किती धोक्याचे आहे, हे दाखवण्यासाठी मी अठराव्या शतकातला गणितज्ञ ऑयलर याची एक जुनी राशी नेहमी वापरतो. क्ष ही शून्य किंवा त्यापुढची पूर्ण संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्यात क्ष मिळवा आणि त्यात ४१ मिळवा. शून्याला ४१ येतात, १ ला ४३, २ ला ४७, ३ ला ५३, ४ ला ६१. सगळ्या मूळ संख्या. मुलांना पुढे करत राहायला सांगितले की विसाव्या पायरीच्या आसपास वर्गाचा कल पूर्णपणे 'हे नेहमीच मूळ येते' या बाजूला झुकलेला असतो, आणि क्ष ३९ असतानाही १६०१ ही मूळ संख्याच मिळते. क्ष ४० झाल्यावर मात्र १६०० अधिक ४० अधिक ४१, म्हणजे १६८१ येतात, आणि १६८१ हा ४१ चा वर्ग आहे. चाळीस उदाहरणे बाजूने आणि एक विरुद्ध. निकाल त्या एकाच्या बाजूने लागतो. न्यायालयात साक्षीदारांची संख्या कदाचित मोजली जात असेल, पण सर्ववाची विधानाच्या बाबतीत एक प्रतिउदाहरण पुरते. चाणाक्ष विद्यार्थी इथे म्हणतो की ४१ घातल्यावर तिन्ही पदांतून ४१ बाहेर काढता येतात, मग हे नेहमी मूळ येणे शक्यच नव्हते. असे म्हणणारा विद्यार्थी त्या क्षणी उदाहरणे तपासणे सोडून सिद्धतेकडे वळलेला असतो.

गोल्डबाखच्या अटकळीची संगणकावरची तपासणी ४ वर १८ शून्ये एवढ्या संख्येपर्यंत झालेली आहे आणि तिथवर एकही अपवाद सापडलेला नाही. तरीही तिला अटकळ म्हणतात, प्रमेय म्हणत नाहीत. हा गणितज्ञांचा हट्टीपणा आहे असे ज्यांना वाटते, त्यांना चाळिसाव्या पायरीची आठवण करून द्यावी.

परंतु तपासून कधीच काही सिद्ध होत नाही, असा उलटा गैरसमजही नको. सर्ववाची विधान जर सांत, म्हणजे मोजून संपणाऱ्या, समूहाविषयी असेल, तर एकेक करून सर्व तपासणे ही निर्दोष सिद्धता असते. याचे आपल्या मातीतले उत्तम उदाहरण म्हणजे कापरेकर स्थिरांक. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले, तेथे १९२७ साली त्यांना गणितासाठी रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले, आणि पुढची अनेक वर्षे त्यांनी देवळालीच्या शाळेत शिक्षक म्हणून काम केले. १९४९ साली त्यांच्या लक्षात आलेली गोष्ट अशी: निदान दोन अंक वेगळे असलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी, आणि आलेल्या संख्येवर हीच क्रिया पुन्हा करावी, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतात आणि मग तेच येत राहतात. ३५२४ घेतले, तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. नंतर ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. नंतर ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. मधल्या पायरीत सुरुवातीचे शून्य टाकून द्यायचे नाही, एवढे पथ्य पाळावे लागते.

हे विधान सर्ववाची आहे, पण ते ८,९९१ संख्यांविषयीच आहे. १००० ते ९९९९ या नऊ हजारांतून ११११, २२२२ अशा नऊ वगळल्या की एवढ्या उरतात. संगणकाला हे काम क्षणाचे आहे. माणसाला मात्र येथे डोके वापरण्याची सोय आहे, आणि मला हा भाग फार आवडतो. उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड मानले, तर पहिल्या वजाबाकीचे उत्तर ९९९ गुणिले (अ वजा ड) अधिक ९० गुणिले (ब वजा क) एवढे येते. म्हणजे उत्तर मूळ संख्येवर अवलंबून नसून केवळ दोन फरकांवर अवलंबून आहे. पहिला फरक १ ते ९ यांपैकी काहीही असू शकतो, आणि दुसरा फरक शून्यापासून पहिल्या फरकापर्यंतच जाऊ शकतो, कारण ब आणि क हे अ आणि ड यांच्या मध्ये अडकलेले असतात. अशा जोड्या मोजल्या की ५४ भरतात. ८,९९१ प्रकरणांची तपासणी ५४ प्रकरणांवर आली. रविवारच्या एका दुपारी वही-पेन्सिल घेऊन ती कोणालाही संपवता येईल, आणि ती संपली की कापरेकरांचे विधान संपूर्णपणे सिद्ध झालेले असेल.

अस्तित्ववाची विधानाचे काम सोपे असते असे वरवर वाटते, कारण एक नमुना आणून दाखवला की पुरते. 'सम असलेली निदान एक मूळ संख्या आहे' हे सिद्ध करायला २ कडे बोट दाखवावे. पण बोट न दाखवताही अस्तित्व सिद्ध करता येते, हे पचायला मुलांना वेळ लागतो. २०११ च्या जनगणनेनुसार पुणे महानगरपालिकेच्या हद्दीतली लोकसंख्या ३१ लाखांहून अधिक होती. माणसाच्या डोक्यावर साधारण एक-दीड लाख केस असतात. आपण सढळ हाताने वरची मर्यादा दहा लाख धरू. पूर्ण टक्कल असलेल्यांना वगळून टाकू, नाहीतर प्रश्न फारच सोपा होतो. उरलेल्यांची विभागणी केसांच्या संख्येनुसार केली, तर विभाग जास्तीत जास्त दहा लाख आणि माणसे त्याहून कितीतरी जास्त, तेव्हा निदान एका विभागात दोन माणसे असलीच पाहिजेत. म्हणून पुण्यात अगदी तंतोतंत सारख्या संख्येने केस असलेली निदान दोन माणसे आहेत. ती कोण, कोठल्या पेठेत राहतात, हे या युक्तिवादातून कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही. 'पण सर, दाखवा ना' हा आग्रह या ठिकाणी हमखास होतो. त्यावर उत्तर एवढेच की विधानात 'आहेत' असे म्हटले होते, 'मला ठाऊक आहेत' असे म्हटले नव्हते.

दोन्ही प्रकार एकाच वाक्यात आले की क्रमाला फार महत्त्व येते. 'प्रत्येक संख्येसाठी तिच्यापेक्षा मोठी अशी एक संख्या असते' हे सत्य आहे. 'अशी एक संख्या असते की जी इतर प्रत्येक संख्येपेक्षा मोठी आहे' हे असत्य आहे. शब्द जवळजवळ तेच, क्रम बदलला. पहिल्यात तुम्ही संख्या सांगायची आणि मग मी उत्तर द्यायचे; दुसऱ्यात मी आधी संख्या सांगून अडकायचे आणि मग तुम्ही ती मोडायची. मूळ संख्या अनंत आहेत, हे युक्लिडचे प्रमेय पहिल्या साच्यातले आहे: मूळ संख्यांची कोणतीही सांत यादी द्या, यादीबाहेरची एक मूळ संख्या असते. यादीतल्या सर्वांचा गुणाकार करून त्यात १ मिळवला, तर येणाऱ्या संख्येला यादीतल्या कोणत्याही मूळ संख्येने भाग जात नाही, म्हणून तिचा कोणताही मूळ अवयव यादीबाहेरचा असतो. ती संख्या स्वतःच मूळ असते, असे अनेक जण परीक्षेत लिहून टाकतात. २, ३, ५, ७, ११, १३ यांचा गुणाकार अधिक १ म्हणजे ३००३१, आणि ते ५९ गुणिले ५०९ आहेत. ५९ आणि ५०९ यादीबाहेरचे आहेत, एवढेच प्रमेयाला हवे होते.

सर्ववाची विधान मोडणे आणि त्याच्या जागी नवे उभे करणे या दोन वेगवेगळ्या पातळ्यांच्या गोष्टी आहेत, हे सांगण्यासाठी शरदचंद्र श्रीखंडे यांच्या कामाइतके चांगले उदाहरण मला माहीत नाही. ऑयलरने १७८२ साली एक कोडे मांडले: सहा पलटणी आणि सहा हुद्दे, प्रत्येक पलटणीतून प्रत्येक हुद्द्याचा एक, असे ३६ अधिकारी सहा बाय सहाच्या चौरसात असे उभे करायचे, की प्रत्येक आडव्या आणि प्रत्येक उभ्या रांगेत प्रत्येक पलटण एकदाच आणि प्रत्येक हुद्दा एकदाच यावा. गणिताच्या भाषेत ही लांबिक लॅटिन चौरसांची जोडी. ऑयलरला हे साधले नाही, आणि त्याने त्याहून पुढे जाऊन असे भाकीत केले की ज्या मापाला ४ ने भागल्यावर बाकी २ उरते, त्या कोणत्याही मापासाठी, म्हणजे ६, १०, १४, १८ आणि पुढेही, अशी जोडी असूच शकत नाही. हे सर्ववाची विधान आहे, आणि त्यातही 'नसते' असे सांगणारे. १९०० च्या सुमारास फ्रान्समधील गास्तों तारी याने सहाच्या मापाची सर्व प्रकरणे पद्धतशीरपणे तपासून ऑयलर तेवढ्यापुरता बरोबर होता, हे दाखवले. सांत तपासणी, म्हणून निर्दोष सिद्धता; पण एकाच मापाची.

श्रीखंडे यांचा जन्म १९१७ साली सागर येथे झाला, पदवीचे शिक्षण नागपुरात झाले, आणि पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाची धुरा त्यांनी सांभाळली. १९५९ साली त्यांनी राज चंद्र बोस यांच्याबरोबर अमेरिकेत काम करताना २२ च्या मापाची एक जोडी रचून दाखवली. २२ ला ४ ने भागल्यावर बाकी २ उरते. त्या एका जोडीने ऑयलरचे १७७ वर्षांचे भाकीत मोडले. ४८४ चौकटी आणि त्यांतल्या सर्व जोड्या वेगवेगळ्या आहेत, एवढे तपासणे कोणाही सोशिक वाचकाला शक्य होते. अर्नेस्ट पार्कर याने लगोलग १० च्या मापाची जोडी दिली. न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली आणि हे त्रिकूट 'ऑयलरचा डाव उधळणारे' म्हणून ओळखले जाऊ लागले. सर्वसाधारण लेखात गोष्ट इथे संपते. खरे कठीण काम मात्र याच्या पुढचे होते. २२ आणि १० यांनी 'कोणत्याही मापासाठी नसते' हे खोटे ठरवले, पण १४ साठी काय, १८ साठी काय, ९० साठी काय, याविषयी ती दोन उदाहरणे एक अक्षरही बोलत नाहीत. तिघांनी मिळून जे सिद्ध केले ते नवे सर्ववाची विधान होते: ६ नंतरच्या अशा प्रत्येक मापासाठी निदान एक जोडी असते. येथे 'प्रत्येक' बाहेर आहे आणि 'निदान एक' आत आहे. म्हणजे माप कोणतेही आले तरी जोडी रचण्याची पद्धत हाताशी असली पाहिजे. जुने विधान पाडायला एक चौरस पुरला, नवे बांधायला संपूर्ण पद्धत लागली.

यातून नकाराचा नियम आपोआप हाती येतो. 'सर्व असे आहेत' याचा नकार 'निदान एक तसा नाही' हा आहे. 'एकही तसा नाही' हा नव्हे. आपल्या नेहमीच्या बोलण्यात येथे एक खड्डा आहे. 'वर्गातील सर्व मुले उत्तीर्ण झाली नाहीत' हे वाक्य मी फळ्यावर लिहितो आणि अर्थ विचारतो. निम्मा वर्ग म्हणतो, काही उत्तीर्ण झाली, काही राहिली; उरलेला निम्मा म्हणतो, सगळीच नापास. दोघांचेही बरोबर आहे, कारण हे वाक्य दोन्ही अर्थांनी सर्रास वापरले जाते आणि ऐकणारा संदर्भावरून निभावून नेतो. गणितात संदर्भावर निभावत नाही, म्हणून 'निदान एक मूल असे आहे की जे उत्तीर्ण झाले नाही' असे लांबण लावून लिहावे लागते. ते कानाला गोड लागत नाही, हे मान्य. पण मराठी गणिती गद्यातल्या त्या 'असे आहे की जे' या पाल्हाळावर हसणाऱ्यांनी तो नकार दुसऱ्या कोणत्याही रीतीने बिनघोर लिहून दाखवावा. 'आणि', 'किंवा' यांच्या नकारात दोघांची अदलाबदल होते, आणि गणितातला 'किंवा' दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असण्याला मुभा देतो. एवढ्या दोन गोष्टी सारणीतून उत्तम कळतात, म्हणून त्यांवर अधिक लिहीत नाही.

जर-तर विधानाचे तसे नाही. तिथे सारणीच गोंधळ घालते. शालेय भूमितीत आपण प्रमेयाचे दोन तुकडे करतो: दिलेला तो पक्ष आणि सिद्ध करायचे ते साध्य. पक्ष असत्य असला की संपूर्ण जर-तर विधान सत्य मानायचे, हे सारणी सांगते आणि मुले ते पाठ करतात, पण कोणालाच पटलेले नसते. आमच्या गल्लीतल्या एका इमारतीच्या फाटकावर पाटी आहे: 'परवानगीशिवाय लावलेल्या वाहनाची हवा सोडण्यात येईल.' ही पाटी खोटी केव्हा ठरेल? परवानगीशिवाय लावलेली एखादी गाडी टायर टणक ठेवून सुखरूप बाहेर पडली, तरच. परवानगी असलेल्या सभासदाच्या गाडीविषयी पाटी काहीच बोललेली नाही. त्याच्या गाडीतली हवा शाबूत राहिली तरी पाटी खोटी नाही, आणि कोणी आगाऊपणाने ती सोडली तर सभासद चिडेल, कमिटीची बैठक बसेल, पण पाटी तरीही खोटी नाही. सारणीच्या चार ओळी म्हणजे ही चार वाहने आहेत. आणि ज्या दिवशी परवानगीशिवाय एकही वाहन लागले नाही, त्या दिवशी पाटी सत्यच राहते, कारण तिला खोटे पाडायला साक्षीदारच नाही. याच न्यायाने 'पुण्याच्या समुद्रकिनाऱ्यावरील सर्व शंख निळे आहेत' हे सत्य विधान आहे. न पटल्यास किनाऱ्यावरचा निळा नसलेला एक शंख आणून दाखवावा.

फाटकाबाहेर एखादी गाडी हवा गेलेल्या अवस्थेत दिसली, तर ती परवानगीशिवायच लावलेली असणार, असा निष्कर्ष मात्र पाटीवरून निघत नाही. टायरमध्ये खिळाही गेलेला असू शकतो. पक्ष आणि साध्य यांची अदलाबदल करून मिळते ते व्यत्यास विधान, आणि मूळ विधान खरे असण्यावरून व्यत्यासाविषयी काहीही कळत नाही. चौकोन आयत असेल तर त्याचे कर्ण समान लांबीचे असतात, हे खरे. पण कर्ण समान असलेला चौकोन आयतच असतो हे खोटे, कारण समद्विभुज समलंब चौकोनाचेही कर्ण समान असतात.

हा भेद आपल्या परंपरेला चांगला अवगत होता. न्यायशास्त्रातले, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातले, घासून गुळगुळीत झालेले उदाहरण सर्वांना ठाऊक असते: पर्वतावर अग्नी आहे, कारण तेथे धूर आहे, जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर. त्याच्या पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. जेथे जेथे अग्नी तेथे तेथे धूर, असे म्हणता येत नाही, आणि त्यासाठी नैयायिकांनी प्रतिउदाहरण दिले ते तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याचे: अग्नी आहे, धूर नाही. म्हणजे व्यत्यास फेटाळला, आणि तोही एका प्रतिउदाहरणाने. त्याच वेळी त्यांनी व्यतिरेक मान्य केला: जेथे अग्नी नाही तेथे धूर नाही, जसे सरोवर. साध्याचा नकार आधी आणि पक्षाचा नकार नंतर, अशी ही मांडणी मूळ विधानाशी पूर्णपणे समान असते; एक खरे तर दुसरे खरे, एक खोटे तर दुसरे खोटे. नैयायिकांचा 'जसे स्वयंपाकघर' हा दृष्टान्ताचा आग्रह गणिती सिद्धतेत बसत नाही, कारण तेथे दृष्टान्ताने काही सिद्ध होत नाही. पण व्यत्यास आणि व्यतिरेक यांची गल्लत त्यांनी केली नाही, आणि आजही अनेक छापील गाइडांमध्ये ती सर्रास आढळते.

व्यतिरेकाची खरी किंमत सिद्धता लिहिताना कळते. 'एखाद्या पूर्णांकाचा वर्ग सम असेल तर तो पूर्णांकही सम असतो' हे सरळ सिद्ध करायला गेले, तर वर्गाकडून मुळाकडे चढावे लागते आणि वर्गमुळाशी झटापट होते. व्यतिरेकाने ते असे होते: पूर्णांक विषम असेल तर त्याचा वर्ग विषम असतो. विषम संख्या म्हणजे २म अधिक १. तिचा वर्ग ४ गुणिले मचा वर्ग, अधिक ४म, अधिक १. पहिली दोन पदे सम, म्हणून बेरीज विषम. संपले. २ चे वर्गमूळ अपरिमेय आहे, या शालेय गणितातल्या सिद्धतेत जी ओळ 'म्हणून अ ही सम संख्या आहे' अशी घाईत लिहिली जाते, तिचा आधार हाच आहे.

विधान आणि त्याचा व्यत्यास दोन्ही खरे असले की 'जर आणि तरच' असे म्हणतात, आणि अशा प्रमेयाच्या सिद्धता दोन असतात. व्याख्या मात्र सिद्ध करायच्या नसतात. त्या ठरावासारख्या असतात, आणि 'दोन बाजू समान असतील तर त्रिकोणाला समद्विभुज म्हणतात' असे एकेरी 'तर' लिहिले असले, तरी ते दुहेरीच वाचायचे असते. गृहीतकेही सिद्ध करत नाहीत. युक्लिडचे समांतर रेषांविषयीचे पाचवे गृहीतक उरलेल्या चार गृहीतकांवरून सिद्ध करण्याचे प्रयत्न दोन हजार वर्षे होत राहिले, आणि एकोणिसाव्या शतकात ते नाकारूनही सुसंगत भूमिती उभी राहते असे दिसल्यावर थांबले.

दहावीच्या भूमितीत पायथागोरसचे प्रमेय आणि लगेच त्याचा व्यत्यास, अशी दोन प्रमेये येतात. दुसऱ्याची गरजच काय, हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारते, आणि तो प्रश्न चांगला आहे. व्यत्यासाची सिद्धता पाहण्यासारखी आहे: ज्या त्रिकोणात दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज तिसरीच्या वर्गाएवढी आहे, तो घ्यायचा, त्याच दोन लांबींच्या बाजूंमध्ये काटकोन करून शेजारी दुसरा त्रिकोण रचायचा, या दुसऱ्याला मूळ प्रमेय लावले की त्याचा कर्ण पहिल्याच्या तिसऱ्या बाजूएवढा येतो, मग बाबाबा कसोटीने दोन्ही त्रिकोण एकरूप, आणि म्हणून पहिल्यातही काटकोन. व्यत्यास सिद्ध करायला मूळ प्रमेयच कामी आले, पण ते आपसूक घडले नाही. रचना करावी लागली, एकरूपता लावावी लागली.

पुण्यात सध्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाची कामे जागोजागी चालू आहेत, तेव्हा याचा प्रयोग रस्त्यावरून जाताना पाहायला मिळतो. आखणी करताना गवंडी कोपऱ्यातल्या खुंटीपासून एका दोरीवर तीन फुटांवर खूण करतो, दुसरीवर चार फुटांवर करतो, आणि दोन खुणांमध्ये टेप धरतो. गुण्या एवढ्या मोठ्या अंतराला पुरत नाही. टेपवर पाच फूट आले की कोपरा काटकोनात आहे असे समजून तो पुढच्या खुंटीकडे जातो, आणि येथे तो पायथागोरसच्या प्रमेयावर नव्हे तर त्याच्या व्यत्यासावर विसंबून असतो. पाच फुटांऐवजी पाच फूट एक इंच भरले, तर कोपरा काटकोनात नाही असे ठरवून तो दोरी सरकवतो. तेव्हा मात्र तो मूळ प्रमेयाचा व्यतिरेक वापरत असतो.